वाचलेल्या घराची प्रार्थना

२०११ साली ईस्टरचा रविवार २४ एप्रिलला आला होता. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ईस्टरच्या सोमवारी, अमेरिकेच्या दक्षिण भागात वादळांची एक मालिका सुरू झाली आणि ती गुरुवारपर्यंत थांबली नाही. मेक्सिकोच्या आखातावरून उबदार, दमट हवा उत्तरेकडे सरकत होती. वरच्या थरांतून पश्चिमेचे थंड वारे प्रचंड वेगाने वाहत होते. जमिनीलगतच्या वाऱ्याची दिशा एक आणि उंचावरील वाऱ्याची दुसरी. ढगांना पीळ बसायला आणखी काय हवे? त्या चार दिवसांत सुमारे ३६० टोर्नॅडो जमिनीला टेकले. त्यांतील दोनशेहून अधिक एकट्या २७ एप्रिलच्या बुधवारी. तीनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील बहुसंख्य अलाबामा या एकाच राज्यातील होती.

आपल्याकडे चैत्र-वैशाखात शेतातला पालापाचोळा उचलून गरगर फिरवणारी वावटळ सर्वांनी पाहिलेली असते. मुले तिच्यामागे धावतात. टोर्नॅडो हे तिचेच थोरले भावंड असावे असे प्रथमदर्शनी वाटते. पण तसे नाही. वावटळ तापलेल्या जमिनीतून वर उठते, टोर्नॅडो गडगडाटी ढगाच्या पोटातून खाली उतरतो. आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या चक्रीवादळाशीही त्याचे नाते दूरचेच. चक्रीवादळ समुद्रावर चार दिवस रेंगाळते, त्याला नाव मिळते, कोळी बांधव होड्या ओढून घेतात. टोर्नॅडोला नाव नसते. तो काही मिनिटांच्या सूचनेवर येतो आणि एखाद्या वस्तीतून दोन-तीन मिनिटांत निघून जातो.

त्या बुधवारी सायंकाळी पाचच्या सुमारास टस्कलूसा या विद्यापीठाच्या गावातून असाच एक टोर्नॅडो गेला आणि पुढे बर्मिंगहॅम शहराच्या उत्तर भागापर्यंत पोहोचला. त्याचा माग सुमारे १३० किलोमीटर लांब होता. काही ठिकाणी रुंदी दोन किलोमीटरांहून अधिक. त्याच दुपारी हॅकलबर्ग आणि फिल कॅम्पबेल ही दोन लहान गावे दुसऱ्या एका टोर्नॅडोने जवळजवळ पुसून टाकली. त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी ३२० किलोमीटरांच्या पुढे होता आणि त्याने सत्तरांहून अधिक बळी घेतले. परंतु या आकड्यांपेक्षा मला अधिक अस्वस्थ करतात ती विमानातून घेतलेली छायाचित्रे. हिरव्या प्रदेशावरून कुणीतरी खरवडणी फिरवावी तसा एक तपकिरी पट्टा दिसतो. पट्ट्याच्या आत घरांच्या जागी नुसती जोती आहेत. आणि पट्ट्याच्या कडेला, अगदी लागून, एक घर उभे आहे. त्याच्या अंगणात मोटार आहे. छपराची एखाददुसरी फळी तेवढी उचकटलेली.

त्या घरातल्या माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी कोणती प्रार्थना म्हणावी?

प्रश्न वाटतो तितका पोकळ नाही. अशा प्रसंगी तोंडातून आपोआप निघणारे वाक्य जगात सर्वत्र एकच असते: देवाने वाचवले. ते वाक्य खोटे आहे असे म्हणण्याचे धैर्य माझ्यात नाही. ज्याचे लेकरू ढिगाऱ्याखालून जिवंत बाहेर आले आहे, त्याने देवाचे नाव घेऊ नये तर कुणाचे घ्यावे? पण वाक्याला एक दुसरी बाजू असते आणि ती शेजारच्या जोत्यावर बसलेल्या माणसाला ऐकू येते. देवाने तुला वाचवले. मग मला काय केले?

वाचकहो, ही दुसरी बाजू मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यासमोरून उत्तरेकडे गेले, तो दिवस वसईकरांना आठवत असेलच. दिवसभर वारा घोंघावत होता. वाडीतल्या केळी रात्र होईपर्यंत आडव्या झाल्या. आमच्या घरावर झुकलेला जुना आंबा पडला, तो मात्र कुंपणापलीकडे. शेजारच्या मावशींच्या पडवीवर. पत्रे दुमडले, भिंतीचा एक कोपरा खचला. जीवितहानी झाली नाही. महामारीमुळे त्या दिवसांत चर्चची दारे बंद होती, नाहीतर मी कृतज्ञतेच्या मिस्साचा हेतू नोंदवायला त्याच सकाळी गेलो असतो. ते जमले नाही म्हणून कुंपणापाशी उभा राहून मोठ्याने म्हणालो, "मावशी, देवाने वाचवलं हो आम्हाला!"

मावशी खराट्याने पाणी लोटत होत्या. त्यांनी वर पाहिले. "वाचवलं ना? बरं झालं बाबा," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, खराटा न थांबवता, "पण आमच्या पत्र्यांवर त्याचा काय राग होता रे?"

त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले. झाड तर माझेच होते. फांदी छाटून घ्या असे त्यांनी दोन पावसाळे सांगितले होते.

पवित्र शास्त्रात वाऱ्याने घर पाडल्याची एक जुनी कथा आहे. ईयोबाची मुले थोरल्या भावाच्या घरी जेवायला बसली असताना वाळवंटाकडून मोठा वारा येतो, घराच्या चारही कोपऱ्यांना धडकतो आणि सारी मुले दगावतात. बातमी आणणारा सेवक सांगतो की तो एकटाच निसटला आहे. आपण ही कथा ईयोबाच्या बाजूने वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तो निसटलेला सेवक कुणाच्याच प्रवचनात येत नाही. तो स्वतःच्या सुटकेबद्दल देवाचे आभार मानीत नाही. त्याला फक्त निरोप सांगायचा असतो. पुढे ईयोबाचे मित्र येतात. सात दिवस ते मुकाट्याने त्याच्याजवळ जमिनीवर बसतात आणि तोवर त्यांचे सारे ठीक असते. बोलू लागतात तेव्हा चुकतात. कुठेतरी पाप असल्यावाचून असे घडणार नाही, हा त्यांचा सिद्धान्त. ग्रंथाच्या शेवटी परमेश्वराचा राग होतो तो प्रश्न विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे, उत्तरे देणाऱ्या मित्रांवर.

प्रभू येशूनेही या सिद्धान्ताला थारा दिला नाही. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती अठरा माणसे यरुशलेमातील इतरांपेक्षा अधिक पापी होती का, असे प्रभू विचारतो आणि स्वतःच स्पष्ट नकार देतो. हे आपण ऐकलेले आहे आणि मेलेल्यांना दोष देण्याचा अडाणीपणा आता सहसा कुणी करीत नाही. मात्र त्याच नाण्याची मागची बाजू आपण बिनदिक्कत खर्चतो. मेलेले अधिक पापी नसतील तर वाचलेले अधिक पुण्यवान कसे ठरतात? बुरुजाखालून दोन क्षण आधी निघून गेलेला एखादा एकोणिसावा असेलच ना. प्रभूने त्याचे अभिनंदन केलेले नाही.

एक घर का पडते आणि शेजारचे का उभे राहते, हा प्रश्न ज्याने आयुष्यभर शास्त्रज्ञ म्हणून सोडवला, त्याचे चरित्र या संदर्भात मला पुन्हा पुन्हा आठवते. तेत्सुया फुजिता यांचा जन्म १९२० सालचा, जपानमधील कोकुरा शहराच्या परिसरातला. १९४५ साली ते त्याच भागातील एका तंत्रमहाविद्यालयात शिकवीत होते. ९ ऑगस्टच्या सकाळी दुसरा अणुबॉम्ब घेऊन निघालेल्या विमानाचे पहिले लक्ष्य कोकुराच होते. विमानाने तीन वेळा शहरावर फेरी मारली. पण खाली ढग किंवा आदल्या दिवशीच्या बॉम्बहल्ल्याचा धूर असल्यामुळे लक्ष्य दिसेना. विमान नागासाकीकडे वळले. काही आठवड्यांनी फुजिता विद्यार्थ्यांसह नागासाकी आणि हिरोशिमा येथे गेले आणि कोणती झाडे कोणत्या दिशेला पडली, भाजल्याच्या खुणा कुठल्या बाजूला आहेत, याच्या नोंदी करीत फिरले.

पुढे ते शिकागो विद्यापीठात गेले. ११ एप्रिल १९६५ रोजी, झावळ्यांच्या रविवारी, अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात टोर्नॅडोंचा मोठा उद्रेक होऊन सुमारे २७० माणसे दगावली, तेव्हा फुजितांनी विमानातून हजारो किलोमीटर फिरून त्या मागांची पाहणी केली. मक्याच्या शेतांत त्यांना वेटोळ्यासारख्या खुणा दिसल्या. एखादी जड वस्तू फरपटत गेल्याच्या त्या खुणा असाव्यात असा तोवरचा समज होता. फुजितांनी त्यांचा वेगळा अर्थ लावला: मोठ्या भोवऱ्याच्या आत अनेक लहान भोवरे त्याच्या मध्याभोवती फिरत असतात. लहान भोवरा ज्या घरावरून जातो ते भुईसपाट होते. काही पावलांवरचे दुसरे घर त्याच वादळात उभे राहते. १९७१ साली टोर्नॅडोंची तीव्रता नुकसानावरून मोजण्याची जी श्रेणी त्यांनी तयार केली, तिला आजही त्यांचेच नाव आहे.

म्हणजे आमच्या छायाचित्रातील ते उभे घर कुणी निवडलेले नव्हते. तिथून लहान भोवरा गेला नाही, एवढेच. श्रद्धावंत मनाला हे ऐकून एकदम गारठल्यासारखे होते, हे मी जाणतो. मलाही झाले. परंतु क्षणभर विचार करा: शेजारचे घरही मग कुणी निवडलेले नव्हते. त्या मावशींच्या पत्र्यांवर कुणाचा राग नव्हता. या दुसऱ्या वाक्यात जो दिलासा आहे, तो पहिल्या वाक्यातील गारठा सोसल्यावाचून मिळत नाही.

कोकुरावरील ढगांचे काय? वाचलेल्या कोकुरावासीयांनी त्यांना देवाची कृपा म्हणावे का? आपल्याला, म्हणजे कॅथलिक वाचकांना, हा प्रश्न टाळता येणार नाही. कारण तो बॉम्ब नागासाकीत फुटला तो उराकामी खोऱ्यावर. दोन-अडीच शतकांचा छळ लपून सोसून ज्यांनी श्रद्धा टिकवली, त्या जपानी ख्रिस्ती घराण्यांची ती वस्ती. सुमारे बारा हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजार मेले असे मानले जाते. कॅथिड्रलमध्ये त्या वेळी स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या तयारीसाठी पापनिवेदने चालू होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मृतांसाठी मिस्सा झाली, तेव्हा डॉक्टर ताकाशी नागाई यांनी भाषण केले. त्यांची पत्नी त्या स्फोटात गेली होती, ते स्वतः रक्ताच्या कर्करोगाने आजारी होते. उराकामी हे युद्धाच्या प्रायश्चित्तासाठी देवाने निवडलेले निर्दोष अर्पण होय, अशा आशयाचे ते बोलले. अनेकांना त्यातून बळ मिळाले. अनेकांना ते सहन झाले नाही. बॉम्ब टाकणारे हात त्या भाषणात कुठे होते? १९८१ च्या फेब्रुवारीत पोप जॉन पॉल दुसरे हिरोशिमाला गेले आणि त्यांनी साध्या शब्दांत सांगितले की युद्ध हे माणसाचे कृत्य आहे. उराकामीतील कित्येक वृद्धांच्या मनावरचे ओझे त्या एका विधानाने हलके झाले. नागाईंच्या पावित्र्याविषयी मला शंका नाही. पण स्वतःच्या दुःखाला माणसाने दिलेला अर्थ एक, आणि तो अर्थ दुसऱ्याच्या दुःखावर बसवणे दुसरे.

वारा काही माणसाचे कृत्य नव्हे, असे कुणी म्हणेल. खरे आहे. वारा नव्हे, छप्पर मात्र आहे.

२७ मार्च १९९४ हाही झावळ्यांचा रविवार होता. अलाबामातीलच पिडमाँट गावाजवळच्या गोशेन मेथडिस्ट चर्चमध्ये सुमारे एकशेचाळीस माणसे उपासनेला जमली होती, मुलांचा सादरीकरणाचा कार्यक्रम चालू होता. टोर्नॅडोने चर्चचे छप्पर आणि भिंती खाली आणल्या. वीस जण जागीच गेले. त्यांत सहा मुले होती, आणि त्या मुलांत चर्चच्या पाळक असलेल्या बाईंची चार वर्षांची मुलगीही होती. लोकांनी विचारायचे ते विचारले: देवाच्या घरात, झावळ्यांच्या रविवारी, मुलांच्या अंगावर? हा प्रश्न विचारण्याचा त्यांना पुरेपूर अधिकार होता. मात्र त्याच्याच शेजारी एक लहान, रुक्ष प्रश्न उभा होता. हवामान खात्याने धोक्याची सूचना दहा-बारा मिनिटे आधी दिली होती. ती त्या चर्चपर्यंत पोहोचली का नाही? त्या ग्रामीण भागात भोंगा नव्हता, चर्चमध्ये सूचना ऐकण्याचा रेडिओ नव्हता. त्यानंतर अमेरिकेचे तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी हवामान-सूचनेच्या रेडिओचे जाळे वाढवण्याची मोहीम हाती घेतली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अजून कुणाजवळ नाही. दुसऱ्याचे उत्तर बाजारात विकत मिळत होते.

याच देशात एके काळी हवामानाच्या अंदाजात 'टोर्नॅडो' हा शब्द वापरण्यासच मनाई होती. लोक घाबरतील म्हणून. १८८० च्या दशकात घातलेली ती बंदी १९३८ पर्यंत टिकली. शब्द न उच्चारण्याने किती जीव गेले याची मोजणी अर्थात कुणी केली नाही.

२०११ साली सूचना सरासरी चोवीस मिनिटे आधी दिल्या गेल्या होत्या. शास्त्राने आपले काम केले. तरी तीनशेहून अधिक माणसे गेली, कारण काही वारे इतके प्रचंड होते की तळघरावाचून दुसरे काहीच पुरले नसते. कारण सकाळच्या वादळांनी वीज आणि काही प्रक्षेपक बंद पाडले होते, त्यामुळे दुपारची सूचना सर्वांपर्यंत गेली नाही. आणि कारण दक्षिणेकडील कितीतरी गरीब कुटुंबे चाकांवरून आणून ठेवलेल्या हलक्या घरांत राहतात. अमेरिकेत टोर्नॅडोने मरणाऱ्यांत अशा घरांतील माणसांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट असते. बांगलादेशातील माणिकगंज जिल्ह्यात २६ एप्रिल १९८९ रोजी एकाच टोर्नॅडोने सुमारे तेराशे माणसे मारली. २०११ च्या त्या चार दिवसांत शेकडो टोर्नॅडोंनी मारली त्यांच्या चौपट. तिथे सूचना देणारी यंत्रणा नव्हती आणि घरे पत्र्याची, बांबूची, मातीची होती. वारा निवड करीत नसेल. आपण केलेली निवड मात्र तो तंतोतंत पाळतो.

मग उभ्या राहिलेल्या घरातल्या माणसाने गप्प बसावे का? माझे मत तसे नाही. आभार मानणे हे श्वासासारखे आहे, ते रोखून धरता येत नाही. जीव हे दान आहे. ते वादळाच्या आदल्या दिवशीही दानच होते, आपण त्या दिवशी आभार मानायला विसरलो इतकेच. आक्षेप आहे तो आभारातून निकाल काढण्याला. एक्याण्णवावे स्तोत्र आपण संकटात म्हणतो. भोवती हजारो पडले तरी भक्ताला इजा होणार नाही, असा त्याचा सूर आहे. मीही ते म्हणतो. पण शुभवर्तमानात याच स्तोत्राचा आधार कोण घेतो, हे विसरू नये. मंदिराच्या शिखरावर उभा राहून मोहात पाडणारा घेतो: उडी टाक, देवदूत तुला झेलतील. प्रभू ती सवलत नाकारतो. पुढे क्रुसाखाली उभे असलेले लोक त्याला हिणवतात की इतरांना वाचवले, आता स्वतःला वाचव. तेव्हाही आकाशातून कुणी येत नाही. सुटका ही देवाच्या प्रेमाची खूण असेल तर कॅल्व्हरीवर काय घडले? आपण ज्याला प्रभू म्हणतो तो पडलेल्या घरातला आहे. आपले घर उभे राहिले असेल तर त्याला भेटायला आपल्याला कुंपण ओलांडून जावे लागणार.

गोशेनची मंडळी ईस्टरच्या पहाटे, म्हणजे अवघ्या सात दिवसांनी, त्याच पडक्या जागी जमून प्रार्थना करीत होती. त्यांच्यात वाचलेले होते, जखमी होते, मुले गमावलेले होते. कोण कुठल्या बाजूचा हे त्या गर्दीत पाहून सांगता आले नसते.

आणि २७ एप्रिल २०११ ची एक गोष्ट सांगायची राहिली. हॅकलबर्ग आणि आसपासच्या घरांतून उडालेली कागदपत्रे, छायाचित्रे, पत्रे, कपडे वाऱ्याने ढगांत उंच नेली आणि दूरदूर, काही तर साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास, इतरांच्या अंगणांत टाकली. ज्यांच्या घराला वादळ शिवलेही नव्हते अशा लोकांना सकाळी गवतात कुणाच्या तरी लग्नाचा फोटो सापडत होता, कुणाच्या तरी बाळाचा. अलाबामातील एका बाईंनी अशा सापडलेल्या वस्तूंची चित्रे एकत्र दाखवायला सुरुवात केली आणि हजारो लोक आपल्या अंगणात पडलेले त्यात आणून ठेवू लागले. शास्त्रज्ञांनी पुढे त्यांतील ९३४ वस्तूंचा प्रवास नकाशावर मांडला. पण त्याआधी त्यांतील कितीतरी वस्तू टपालाने, कुणी स्वतः गाडीने नेऊन, ज्यांच्या त्यांना परत दिल्या होत्या. फोटोवर चिखल असेल तर आधी तो हलक्या हाताने पुसावा लागे. त्यातले चेहरे ओळखीचे नसत. हा माणूस आज जिवंत आहे की नाही, हेही पुसणाऱ्याला ठाऊक नसे.